लघवीवरचा ताबा सैल झालेल्या स्त्रियांसाठी ओटीतळाचे व्यायाम: पहिल्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत

खोकताना, शिंकताना, मोठ्याने हसताना किंवा विहिरीवरून भरलेला हंडा उचलताना लघवीचे थेंब कपड्यात पडणे, किंवा लघवीची एवढी घाई होणे की मागील दारच्या संडासापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले व्हावेत, हा त्रास बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात असंख्य स्त्रियांना होतो. कोकणात बायका याविषयी एकमेकींशीही क्वचितच बोलतात. ‘वय झालं, चालायचंच’ असे म्हणून जुन्या सुती साडीच्या घड्या आणि दिवसभर कमी पाणी पिणे यांवर वर्षानुवर्षे भागवले जाते, लग्नाला किंवा जत्रेला जाणे टाळले जाते, आणि एसटीने रत्नागिरीहून मुंबईला जायचे झाले तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद केले जाते. यातील बराच त्रास घरच्या घरी, पैसा खर्च न करता कमी होऊ शकतो. त्यासाठी ओटीतळाच्या स्नायूंचा व्यायाम योग्य रीतीने शिकावा लागतो आणि निदान तीन महिने नेमाने करावा लागतो. शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी हाच उपचार करून पाहावा, असे जगभरातील वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

हे स्नायू कुठे असतात

पुढे जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंना बैठकीच्या हाडांपर्यंत स्नायूंचा एक थर ताणलेला असतो. तान्ह्या बाळासाठी बांधलेली साडीची झोळी जशी दोन टोकांमध्ये वजन पेलते, तसा हा थर मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक यांना खालून पेलतो. मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग याच थरातून खाली उतरतात, त्यामुळे तो आवळला की तिन्ही मार्ग मिटतात आणि सैल सोडला की उघडतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटर लांबीचा असल्याने त्याला या आधाराची गरज जास्त असते. गरोदरपण, योनीमार्गे झालेली बाळंतपणे, वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ, जुनाट खोकला, वाढलेले वजन, रोजची जड ओझी आणि पाळी गेल्यानंतर कमी होणारे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) या सर्वांनी तो आधार ढिला पडतो. सिझेरियन झालेल्या स्त्रियांना हा त्रास होतच नाही, हा समज चुकीचा आहे, कारण नऊ महिन्यांचा भार त्यांच्याही स्नायूंनी पेललेला असतो.

आपला त्रास कोणत्या प्रकारचा आहे

पोटावर दाब आल्यावर, म्हणजे खोकला, शिंक, उडी किंवा ओझे यांच्या वेळी थेंब पडत असतील, तर तो दाबाने होणारा त्रास होय. लघवीची भावना अचानक येऊन ती थोपवता येत नसेल, तर तो घाईचा त्रास होय. पुष्कळ स्त्रियांमध्ये दोन्ही एकत्र आढळतात. दाबाच्या त्रासाला हे व्यायाम सर्वांत जास्त उपयोगी पडतात. घाईच्या त्रासात त्यांच्या जोडीला मूत्राशयाला थांबायची सवय लावावी लागते, ती रीत पुढे दिली आहे.

सुरुवात करण्याआधी तीन दिवस एका वहीत नोंद ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, अंदाजे किती झाली (एखादे जुने मापाचे भांडे यासाठी बाजूला ठेवता येते), थेंब कधी पडले, त्या वेळी तुम्ही काय करत होता आणि दिवसभरात काय काय प्यायलात, एवढे लिहिले तरी पुरे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी लेक किंवा नात लिहून देईल. ही वही पुढे डॉक्टरांना दाखवण्यासाठी आणि तीन महिन्यांनी काय फरक पडला हे स्वतःला कळण्यासाठी उपयोगी पडते, म्हणून ती जपून ठेवावी.

काही लक्षणे असतील तर मात्र व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. लघवीतून रक्त जाणे, जळजळ किंवा ताप असणे, लघवी अडकणे किंवा मूत्राशय रिकामे झाल्यासारखे न वाटणे, बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस सतत गळत राहणे, पायांत अचानक अशक्तपणा येणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे, ओटीपोटात गाठ जाणवणे, योनीमार्गातून अंग बाहेर येणे, ही ती लक्षणे होत. त्यांपैकी लघवी पूर्ण अडकली असेल किंवा बैठकीचा भाग बधिर झाला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संबंधांच्या वेळी किंवा एरवीही ओटीपोटात खाली सतत दुखत असेल तर स्नायू ढिले असण्याऐवजी कायम आवळलेले असण्याचीही शक्यता असते, आणि अशा वेळी आवळण्याच्या व्यायामाने दुखणे वाढते. मधुमेहातही लघवी वारंवार होते, म्हणून बऱ्याच दिवसांत रक्तातील साखर तपासलेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तपासून घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, पण म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

योग्य स्नायू सापडणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. व्यायाम करूनही गुण आला नाही असे सांगणाऱ्या अनेक जणी प्रत्यक्षात पोट, मांड्या किंवा कुल्ले आवळत असतात, आणि काही जणी तर वर ओढण्याऐवजी खाली जोर करत असतात, ज्याने त्रास वाढतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम वैद्यकीय जगापुढे मांडला, तेव्हाही त्यांनी स्नायूंचा दाब मोजून दाखवणारे उपकरण वापरले होते, कारण आपण नेमका कोणता स्नायू आवळतो आहोत हे स्त्रीला स्वतःला कळावे यावर त्यांचा भर होता. आपल्याकडे ते उपकरण नसले तरी शोध नेटकेपणाने घेता येतो.

लघवी करून घ्या. दार लावून चटईवर उताणे झोपा, गुडघे उभे करा, पाय एकमेकांपासून थोडे लांब ठेवा आणि एक हात ओटीपोटावर ठेवा. दोन-तीन वेळा सावकाश श्वास घ्या आणि सोडा. आता चारचौघांत बसलेले असताना पोटातला वारा सरू नये म्हणून आपण गुदद्वार जसे आवळून धरतो, तसे ते आवळा. तेवढेच आवळलेले ठेवून, लघवी थांबवताना होते तशी पुढची बाजूही आवळा आणि दोन्ही मिळून आत आणि वर, बेंबीच्या दिशेने ओढा. नंतर पूर्ण सैल सोडा. ओढताना आत काहीतरी उचलले गेले आणि सोडताना ते खाली उतरले असे जाणवले, तर स्नायू सापडला. ही हालचाल अगदी लहान असते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसू नये. ओटीपोटावरचा हात वर उचलला गेला, कुल्ले चटईवरून सुटले, मांड्या एकमेकींकडे ओढल्या गेल्या किंवा श्वास अडकला, तर जोर चुकीच्या जागी लागतो आहे असे समजून थांबावे आणि अर्ध्या जोराने पुन्हा करून पाहावे.

तरीही खात्री वाटत नसेल तर आणखी दोन उपाय आहेत. हात स्वच्छ धुऊन, नखे कापलेली असताना, एक बोट दोन पेरे योनीमार्गात घालून स्नायू आवळावा. बोटाभोवती आवळ बसून ते किंचित आत ओढले गेले तर रीत बरोबर आहे. दुसरा उपाय हातातल्या लहान आरशाचा आहे. आवळताना योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत गेला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही खाली जोर करत आहात, आणि असे होत असल्यास कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकल्याशिवाय व्यायाम पुढे नेऊ नये. स्वतःच्या शरीराला असे तपासण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. स्नायू मुळीच सापडत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तपासणीच्या वेळी तो दाखवून देऊ शकतात.

लघवी करता करता मध्येच थांबवून पाहा, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी तसे केले तर हरकत नाही, पण तो रोजचा व्यायाम करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते. योगासने करणाऱ्या स्त्रियांना मूलबंध ठाऊक असतो आणि त्यात हेच स्नायू आवळले जातात, मात्र इथे श्वास रोखायचा नसतो, एवढा फरक लक्षात ठेवावा.

रोजचा व्यायाम

व्यायाम दोन प्रकारांनी करायचा असतो, कारण या स्नायूंना बराच वेळ भार पेलण्याचे आणि शिंक आल्यावर क्षणात आवळण्याचे, अशी दोन्ही कामे असतात. पहिल्या प्रकारात स्नायू आत आणि वर ओढून जितके सेकंद धरवेल तितके धरावे, मग सावकाश सोडून निदान तितकाच वेळ, शक्य तर थोडा जास्त, पूर्ण सैल राहावे. सुरुवातीला तीन-चार सेकंदांतच स्नायू सुटून जातो. तसे झाले तर तीन सेकंद हेच आपले माप धरावे आणि दर आठवड्याला एक-एक सेकंद वाढवत दहा सेकंदांपर्यंत जावे. असे आठ ते दहा वेळा करावे. दुसऱ्या प्रकारात एका सेकंदात जोराने आवळून लगेच पूर्ण सोडायचे, असे दहा वेळा. आकडे मनात न मोजता हळू आवाजात तोंडाने मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. सैल सोडण्याचा वेळ वाचवू नये. थकलेला स्नायू विसाव्याशिवाय पुन्हा आवळत नाही आणि मग त्याच्या जागी पोट आणि मांड्या काम करू लागतात.

हे दिवसातून तीनदा करायचे असते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, दुपारी जेवणानंतर आडवे झाल्यावर आणि रात्री निजताना, अशा वेळा ठरवल्या तर विसर पडत नाही. भात लावणीच्या दिवसांत दुपारची आडवी होण्याची वेळ मिळत नाही, तेव्हा बांधावर पेज प्यायला बसलेले असताना बसल्या बसल्या करावे. झोपून नीट जमू लागले की दोन-तीन आठवड्यांनी बसून, आणि त्यानंतर उभे राहून करावे. उभे राहिल्यावर वरचा सगळा भार स्नायूंवर येतो, त्यामुळे तेच दहा सेकंद पुन्हा अवघड वाटतात. तसे झाले तरी ते मागे जाणे नव्हे. एकाच दिवशी शंभर वेळा करून चार दिवस सोडून दिल्याने काही साधत नाही, उलट स्नायू दुखून येतात.

पहिले काही आठवडे फरक जाणवत नाही आणि बहुतेक स्त्रिया नेमक्या याच काळात व्यायाम सोडतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फरक पडू लागतो आणि पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी येतो. आरंभीची वही इथे कामी येते, कारण दिवसातून चार वेळा पडणारे थेंब दोनदा पडू लागले, हा फरक मनाला जाणवत नसला तरी कागदावर दिसतो.

ओझे उचलताना आणि खोकताना

झोपून कमावलेली ताकद कामाच्या क्षणी वापरायला वेगळे शिकावे लागते. खोकला, शिंक किंवा जोर येणार हे कळताक्षणी, त्याच्या आधी, स्नायू आवळायचा आणि दाब ओसरेपर्यंत धरून मग सोडायचा. ज्यांचे स्नायू फार बळकट नाहीत त्यांनाही या युक्तीचा लवकर फायदा होतो, म्हणून स्नायू सापडल्याबरोबर, पहिल्याच आठवड्यापासून, ती सुरू करावी. आधी मुद्दाम हलके खोकून सराव करावा.

आपल्याकडील बायकांचा दिवस अशा जोरांनी भरलेला असतो. विळीवर नारळ खवून झाल्यावर जमिनीवरून उठताना, माशांची पाटी डोक्यावर घेताना, आंब्याच्या पेट्या खळ्यातून टेम्पोपर्यंत नेताना, सारवण करून वाकलेले सरळ होताना, पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या तोल सावरत उतरताना, प्रत्येक वेळी पोटातला दाब खाली येतो. हंडा उचलायचा असेल तर तो शरीराच्या जवळ घ्यावा, गुडघ्यांत वाकावे, स्नायू आवळावा आणि श्वास सोडत उचलावे. श्वास कोंडून उचलले की तो सगळा दाब ओटीतळावर येतो. चार पावले गेल्यावर स्नायू सैल सोडावा. वाटभर आवळून धरण्याची गरज नाही. पंधरा लिटरचा हंडा भरला की भांड्याच्या वजनासह पंधरा किलोंहून जड होतो, तेव्हा तीन महिने तरी हंड्याऐवजी कळशीने दोन खेपा कराव्यात, आणि पाटी एकटीने न उचलता दुसरीने हात लावावा. घरात धडधाकट पुरुष माणसे असताना पाणी भरणे हे बाईनेच करायचे काम मानले जाते, ते या काळात तरी त्यांनी करावे, आणि हे उपचार म्हणूनच घरात सांगावे असे मला मनापासून वाटते.

घाईचा त्रास असेल तर

घाई आली की धावत सुटू नये, कारण धावण्याने दाब वाढतो आणि मूत्राशय आणखी आवळते. आहे तिथे थांबावे किंवा बसावे, स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडावेत, लक्ष दुसरीकडे न्यावे, आणि घाईची लाट ओसरल्यावर चालत संडासाकडे जावे. पागोळ्यांचा आवाज, नळाखाली भांडी घासणे, घराचे कुलूप उघडणे यांनी ज्यांना घाई होते त्यांनी याच क्षणी हा सराव करावा. लघवीला जाण्यातले अंतर वहीत पाहून, ते तास-सव्वा तासाचे असेल तर दर आठवड्याला साधारण पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांच्या आसपास न्यावे. याला निदान सहा आठवडे लागतात. गरज नसताना ‘जाऊन येऊ’ म्हणून दर वेळी जाण्याची सवय मूत्राशयाला थोड्याच साठ्यावर घाई करायला शिकवते. लांबच्या प्रवासाआधी जाणे मात्र ठीकच आहे.

पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. घट्ट झालेल्या लघवीने मूत्राशय चिडते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, आणि कोकणातल्या दमट उन्हाळ्यात शरीराला पाणी लागतेच. बाजारात दिवसभर मासे विकणाऱ्या स्त्रियांना जवळ धड शौचालय नसते म्हणून त्या पाणी टाळतात. ही त्यांची चूक नाही, बाजारांजवळ स्वच्छ शौचालय असणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावे, त्यात पेज, ताक, सरबत सगळे धरावे, उन्हात कष्ट करणारीने जास्त घ्यावे, आणि रात्री उठावे लागत असेल तर निजण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी घ्यावे. चहा-कॉफीने घाई वाढते, म्हणून दिवसातले चहाचे कप कमी करून पाहावेत.

बद्धकोष्ठ असेल तर पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी आणि पाणी वाढवावे, आणि शौचाला कुंथू नये. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरले तरी थेंब पडणे कमी होते. चुलीच्या धुराने, विशेषतः पावसाळ्यात ओल्या लाकडांमुळे, सतत खोकला येत असेल तर त्याचा वेगळा उपचार करून घ्यावा. पावसात कपडे वाळत नाहीत, पण दमट घड्या वापरल्याने जांघा सोलवटतात. घड्या वारंवार बदलाव्यात आणि त्वचा कोरडी ठेवावी.

गरोदर स्त्रियांनी हे व्यायाम करण्यास हरकत नाही. बाळंतिणीने, लघवीची नळी काढल्यावर आणि लघवी मोकळी होऊ लागल्यावर, दुखणार नाही इतपत हलके सुरू करावेत. शेक-शेगडी आणि पोटपट्टा यांनी ओटीतळाचे स्नायू बळकट होत नाहीत.

तीन महिन्यांनंतर

त्रास गेला असेल तर व्यायाम सोडू नये. दिवसातून एकदा आयुष्यभर चालू ठेवावा, नाहीतर स्नायू पुन्हा ढिले पडतात. तीन महिने नेमाने करूनही फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ नसतील तर रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, किंवा चिपळूण परिसरातील स्त्रियांनी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात दाखवावे. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम, घाईच्या त्रासाला गोळ्या, अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग आणि दाबाच्या त्रासाला शस्त्रक्रिया, असे पुढचे उपाय आहेत, आणि त्यांतील कोणता लागू पडेल हे तपासणीनंतरच ठरते. जाताना तीन दिवसांची पहिली नोंद, आता नव्याने केलेली तीन दिवसांची नोंद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. ‘व्यायाम करताना मी योग्य स्नायू आवळते का, ते तपासून सांगा’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.